तातडीची गर्भनिरोधक गोळी : ती केव्हां व कशी घ्यावी

समजा, शनिवारीं रात्रीं अकराच्या सुमारास एखाद्या सुखवस्तु घरांत निरोध फाटला. धाकटें मूल जेमतेम सव्वा वर्षाचें आहे. इतक्यांत दुसरें नको, असें पतिपत्नींनीं ठरविलेलें आहे. दोघेंही मनांतून चरकतात, पण बोलत कोणीच नाहीं. रविवारीं घरीं पाहुणे. सोमवारीं सकाळीं पत्नी धीर करून म्हणते, "अहो, त्या गोळीचें कांहीं पाहतां ना?" पति म्हणतो, "बहात्तर तासांची मुदत असते; येतांना आणतों." संध्याकाळीं औषधांच्या दुकानांत त्याच इमारतींतले एक वयोवृद्ध गृहस्थ खोकल्याचें औषध घेत उभे असतात, तेव्हां पतिराज डोकेदुखीचा बाम घेऊन घरीं परततात. गोळी येते ती मंगळवारीं सकाळीं नऊ वाजतां. तोंपर्यंत अठ्ठावन्न तास उलटलेले असतात. पाकिटावर लिहिलेली मुदत अजून शिल्लक आहे हें खरें. पण गोळीचा उपयोगही तितकाच शिल्लक आहे काय?

पुष्कळ सुशिक्षितांची समजूत अशी असते कीं, बहात्तर तास म्हणजे आगगाडी सुटण्याच्या वेळेसारखी एक वेळ आहे. तिच्या आधीं केव्हांही स्टेशनावर पोंचलें म्हणजे झालें, दोन तास आधीं काय आणि दोन मिनिटें आधीं काय, गाडी मिळतेच. या गोळीच्या बाबतींत ही समजूत सपशेल चुकीची आहे, आणि ती कां चुकीची आहे हें कळण्यासाठीं गोळी शरीरांत नेमकें काय करते, हें थोडें खोलांत जाऊन पाहिलें पाहिजे.

स्त्रीच्या बीजकोशांत दर महिन्यास साधारणतः एक बीज परिपक्व होऊन बाहेर पडतें. पाळी अठ्ठावीस दिवसांची धरली तर हा प्रसंग सुमारें चौदाव्या दिवशीं येतो. परंतु अनेक स्त्रियांच्या बाबतींत तो कांहीं दिवस मागें-पुढें होतो, आणि एकाच स्त्रीच्या बाबतींतही दर महिन्यास तो ठरलेल्या दिवशींच येईल असा नेम नाहीं. बाहेर पडलेलें बीज बारा ते चोवीस तासच टिकतें. उलट पुरुषबीजें स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जिवंत राहूं शकतात. म्हणून महिन्यांतून गर्भसंभवाचे दिवस सुमारें सहाच होत : बीज बाहेर पडण्याचा एक, व त्याच्या पूर्वींचे पांच. यांतूनच एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्या रात्रीं समागम झाला त्याच रात्रीं गर्भ राहतो, अशी जी सर्वसाधारण कल्पना आहे ती पुष्कळदां खरी नसते. पुरुषबीजें आधीं येऊन थांबतात आणि स्त्रीबीज मागाहून येतें. मध्यें एक, दोन, तीन किंवा अधिकही दिवस जातात. या मधल्या अवकाशांतच गोळीचें सारें कार्य आहे.

मेंदूच्या तळाशीं पिच्युइटरी नांवाची वाटाण्याएवढी एक ग्रंथि आहे. बीज बाहेर पडण्यापूर्वीं सुमारें छत्तीस तास तिच्यांतून एका अंतःस्रावाचा लोट रक्तांत येतो. बीजकोशास मिळालेला हा हुकूमच समजावा. तातडीच्या गोळींत लेव्होनॉरजेस्ट्रेल नांवाचें जें द्रव्य असतें, तें हा हुकूम लांबणीवर टाकतें. बीज कांहीं दिवस अडून राहतें, आणि तेवढ्या वेळांत वाट पाहणारीं पुरुषबीजें आयुष्य सरून नाहींशीं होतात. परंतु तो लोट एकदां सुरू झाल्यावर गोळी पोटांत गेली, तर तो परत फिरविण्याचें सामर्थ्य तिच्यांत नाहीं.

आतां पुनः त्या दांपत्याकडे वळूं. त्या स्त्रीचें बीज मंगळवारीं रात्रीं अकरा वाजतां बाहेर पडणार होतें, असें घटकाभर धरून चाला. म्हणजे ग्रंथीचा हुकूम सोमवारीं दुपारच्या सुमारास निघावयाचा. रविवारीं सकाळीं गोळी घेतली असती, तर मध्यें पुरता एक दिवसाहून अधिक अवधि होता. मंगळवारीं सकाळीं नऊ वाजतां हुकूम निघून वीस-एकवीस तास झालेले आहेत. गोळी तीच, किंमत तीच, पाकिटावरची मुदतही टळलेली नाहीं. पण काम होण्याची आशा जवळजवळ उरलेली नाहीं. हा दिवस नेमका कोणता, हें कोणाही स्त्रीला घरबसल्या खात्रीनें सांगतां येत नाहीं. सबब नियम एकच : शक्य तितक्या लौकर. बहात्तर तास ही शेवटची हद्द आहे.

हा केवळ तर्क नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें केलेली एक मोठी पाहणी १९९८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाली. तींत निरनिराळ्या देशांतील सुमारें दोन हजार स्त्रिया होत्या. लेव्होनॉरजेस्ट्रेल घेणाऱ्यांपैकीं ज्यांनीं पहिल्या चोवीस तासांत औषध घेतलें त्यांच्यांत गर्भ राहण्याचें प्रमाण हजारीं ४, दुसऱ्या दिवशीं घेणाऱ्यांत हजारीं १२, आणि तिसऱ्या दिवशीं घेणाऱ्यांत हजारीं २७ असें आढळलें. नंतरच्या कांहीं पाहण्यांत हा उतार इतका तीव्र दिसला नाहीं, हें सांगितलें पाहिजे. परंतु उशीर करून फायदा होतो असें कोणत्याही पाहणींत दिसलेलें नाहीं. चौथ्या दिवसापर्यंत थोडाबहुत गुण येऊं शकतो. पांचव्या दिवशीं मात्र भरंवसा धरण्यांत अर्थ नाहीं.

याच पाहणींत आणखी एका गोष्टीचा निकाल लागला. त्यापूर्वीं सुमारें पाव शतक युझ्पे या कॅनेडियन डॉक्टरांची पद्धति रूढ होती. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या पद्धतींत दोन निरनिराळीं संप्रेरकें एकत्र करून बारा तासांच्या अंतरानें दोनदां द्यावयाचीं असत. त्यानें मळमळ व वांती इतकी होई कीं पुष्कळ स्त्रिया दुसरी मात्रा घेण्यास कचरत. नव्या औषधानें तो त्रास पुष्कळ कमी झाला व गुणही अधिक आला. आरंभीं तें ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्यांच्या रूपानें मिळे. पुढें २००२ सालच्या दुसऱ्या पाहणींत १.५ मिलिग्रॅमची एकच मात्रा तितकीच गुणकारी ठरली. म्हणून आज दुकानांत मिळते ती बहुधा एकच गोळी असते. ज्यांच्या हातीं ०.७५ च्या दोन गोळ्यांचें पाकीट पडेल त्यांनीं त्या दोन्ही एकदमच घ्याव्या. दुसरीसाठीं मध्यरात्रीं गजर लावून उठण्याचें कारण नाहीं.

घेण्याची रीत सोपी आहे. साध्या पाण्याबरोबर गिळावयाची. उपाशीं पोटीं चालते, जेवणानंतरही चालते. सकाळची वेळ असली तर उत्तम, असेंही कांहीं नाहीं. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आंत वांती झाली, तर ती अंगीं लागली नाहीं असें समजून लागलीच दुसरी घ्यावी. दोन तासांनंतर झाली तर चिंता नको. मळमळ, डोकें दुखणें, थकवा, स्तनांत हुळहुळेपणा हीं लक्षणें कांहींजणींस होतात व एकदोन दिवसांत आपोआप जातात. मधेंच थोडा रक्तस्राव दिसतो. त्यास पाळी समजूं नये आणि गोळी लागू पडल्याची खूणही समजूं नये. येथें अनेकजणी फसतात. खरी पाळी ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधीं किंवा आठवडाभर नंतर येऊं शकते. त्याहून अधिक लांबली, अथवा नेहमींपेक्षां फारच अल्प झाली, तर लघवीची चांचणी करावी. समागमापासून तीन आठवडे झाल्यानंतरच्या चांचणीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. पोटांत खालीं, विशेषतः एका बाजूस, तीव्र कळा येऊं लागल्या तर चांचणीची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. गर्भ गर्भाशयाबाहेर नळींत राहिला असण्याचा संभव क्वचित् असतो, आणि तो जिवावर बेतणारा प्रकार आहे.

ज्या स्त्रियांस रक्तदाबामुळें किंवा रक्ताच्या गुठळ्यांमुळें नेहमींच्या रोजच्या गोळ्या वर्ज्य असतात, त्यांनाही ही एक गोळी घेण्यास अडचण नाहीं. अंगावर पाजणाऱ्या आईसही ती चालते. मात्र कांहीं औषधें अशीं आहेत कीं जीं घेत असतां ही गोळी यकृतांत लौकर जिरून जाते व तिचा जोर उरत नाहीं. आपल्या देशांत यांपैकीं मुख्य औषध क्षयावरील रिफाम्पिसिन होय. लघवीस केशरी रंग आणणारें तें हेंच. फिट्सवर देण्यांत येणारीं फेनिटॉईन, कार्बामाझेपिन व फेनोबार्बिटोन हींही त्याच जातीचीं. तीं बंद केल्यावरही सुमारें चार आठवडे त्यांचा परिणाम राहतो. अशा स्त्रीनें दुकानदारास न विचारतां डॉक्टरांस विचारावें. ते दुप्पट मात्रा, म्हणजे ३ मिलिग्रॅम, किंवा त्याहून बरें म्हणजे तांबी सुचवितील. वजन सत्तर किलोंहून अधिक असल्यासही साध्या मात्रेचा परिणाम उणा पडण्याचा संभव असतो, म्हणून ब्रिटनमधील तज्ज्ञ अशा वेळीं दुप्पट मात्रेचा किंवा अन्य उपायाचा सल्ला देतात.

तांबीचा उल्लेख ओघानें आला, पण ती या विषयांत केवळ ओघानें येणारी वस्तु नाहीं. सर्व तातडीच्या उपायांत सर्वांत खात्रीचा उपाय तोच आहे. समागमानंतर पांच दिवसांच्या आंत जाणत्या डॉक्टरांकडून तांबी बसवून घेतली, तर शंभरांत एकीसही गर्भ राहत नाहीं. शिवाय पुढें कित्येक वर्षें दुसऱ्या साधनाची गरज पडत नाहीं. वजनाचा किंवा क्षयाच्या औषधांचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. ज्या दांपत्यास दोन मुलांत अंतर हवें आहे आणि मंगळवार उजाडून गेला आहे, त्यांना दुकानापेक्षां दवाखानाच जवळचा. परदेशांत युलिप्रिस्टल नांवाची आणखी एक गोळी आहे. युरोपांत २००९ सालीं व अमेरिकेंत २०१० सालीं तिला मान्यता मिळाली. ग्रंथीचा लोट नुकताच सुरू झाला असला तरीही ती बीज अडवूं शकते व पांच दिवसांपर्यंत चालते. परदेशीं राहणाऱ्या मुलीसुनांनीं तिची चौकशी करण्यास हरकत नाहीं. परंतु दोन्ही गोळ्या एकामागून एक घेऊं नयेत, कारण एकीमुळें दुसरीचा गुण जातो.

आतां एक धोक्याची जागा सांगणें अवश्य आहे. गोळी घेतल्यावर "झालें, आतां निर्धास्त" अशी भावना होते, आणि त्याच आठवड्यांत पुनः निष्काळजीपणा घडतो. वास्तविक हाच काल अधिक जपण्याचा. गोळीनें बीज नाहींसें केलेलें नाहीं, फक्त थोपवून धरलें आहे. तें अजून यावयाचें आहे, आणि कदाचित् नेमकें याच दिवसांत यावयाचें आहे. झालेल्या प्रसंगापुरतीच ती गोळी. पुढच्या प्रसंगाचें रक्षण तिच्याकडून होत नाहीं. पुढची पाळी येईपर्यंत न चुकतां निरोध वापरावा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करावयाच्या असतील, तर त्या लगेच दुसऱ्या दिवसापासून सुरू करतां येतात. पहिले सात दिवस मात्र सोबतीस निरोध हवाच. गुप्तरोगांपासून बचाव तर या गोळीनें मुळींच होत नाहीं.

वारंवार घेतल्यास वांझपण येतें, गर्भाशय कुजतो, अशा ज्या गोष्टी शेजारणीपाजारणींत बोलल्या जातात त्यांस आधार नाहीं. पुनः प्रसंग आला तर पुनः गोळी घेतल्यानें विषबाधा होत नाहीं. तरीही तिला रोजचें साधन करणें शहाणपणाचें नाहीं. एक तर पाळीचा मेळ बिघडतो, आणि दुसरें म्हणजे नेमानें घेतलेल्या रोजच्या गोळ्यांपेक्षां किंवा तांबीपेक्षां ती पुष्कळच कमी भरंवशाची आहे. जाहिरातींतून हसतमुख तरुणी दाखविल्या जातात, त्यांत हा भाग सहसा येत नाहीं.

दुसरा गैरसमज याहून खोल आहे. ही गर्भ पाडण्याची गोळी आहे, असें मानून कांहीं सात्त्विक स्त्रिया ती घेण्यास भितात, आणि याच समजुतीनें कांहीं तरुणी, पाळी चुकून महिना झाल्यावर, ती मागावयास जातात. दोघीही चुकतात. ही गोळी बीज अडविते. गर्भ राहिलाच असेल तर तिच्यानें तो पडत नाहीं, आणि त्यास अपायही होत नाहीं. गर्भपाताचीं औषधें, म्हणजे मिफेप्रिस्टोन व मिझोप्रोस्टॉल, अगदीं निराळीं आहेत व तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचीं असतात. दुकानांत घाईघाईनें, खालच्या आवाजांत "ती गोळी द्या" एवढेंच म्हटलें, आणि दुकानदारानेंही तितक्याच घाईनें कागदांत गुंडाळून कांहीं तरी पुढें सरकविलें, तर भलतेंच हातीं पडावयाचें. म्हणून पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम हे शब्द व मुदत संपण्याची तारीख दुकानांतच उभें राहून वाचावी. सर्व करूनही गर्भ राहिलाच, तर १९७१ चा कायदा व त्याची २०२१ सालची दुरुस्ती यांनुसार, गर्भनिरोधाचें साधन फसलें या कारणास्तव वीस आठवड्यांपर्यंत मान्यताप्राप्त ठिकाणीं गर्भपात करून घेतां येतो; विवाहित व अविवाहित असा भेद त्यांत ठेवलेला नाहीं.

मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं संततिनियमनाचें केंद्र १९२१ सालीं काढलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंचा दवाखाना निघाला तोही त्याच वर्षीं. पुढें १९२७ च्या जुलैपासून १९५३ सालापर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, त्यापायीं अश्लीलतेच्या आरोपांवरून कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. ज्या शहरांत ही गोष्ट उघडपणें बोलण्यासाठीं एका गणिताच्या प्राध्यापकानें एवढी किंमत मोजली, त्याच शहरांत शंभर वर्षांनंतर दोन मुलांचा बाप शेजाऱ्याला पाहून बाम घेऊन परततो, याला काय म्हणावें? आज दुकानदार चिठ्ठी मागत नाहीं; २००५ सालापासून ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्याची परवानगी आहे. सरकारी दवाखान्यांत ती मोफत मिळते. आड येते ती फक्त भीड, आणि या भिडेची किंमत पुरुषाला नव्हे, स्त्रीला मोजावी लागते.

कुमारिकेची गोष्ट तर अधिकच बिकट. तिच्याजवळ दुकानांत पाठविण्यास पति नसतो, आणि आईस सांगावें तर घर डोक्यावर घेतलें जाण्याचें भय. ज्या आईवडिलांस आपली मुलगी अशा वेळीं पहिल्या चोवीस तासांत आपल्याकडे यावी असें वाटतें, त्यांनीं तसा विश्वास तिला आधींच दिलेला असला पाहिजे. प्रसंग घडल्यावर तो देतां येत नाहीं. जिच्यावर बलात्कार झाला असेल अशा स्त्रीसंबंधीं केंद्र सरकारनें २०१४ सालीं रुग्णालयांस ज्या सूचना दिल्या, त्यांत ही गोळी देण्याचा स्पष्ट समावेश आहे; तिच्यावर उपचार करण्याचें कोणत्याही रुग्णालयास, सरकारी असो वा खासगी, नाकारतां येत नाहीं. तेथेंही तासांचाच प्रश्न असतो. पोलीसचौकींत जबानी होईपर्यंत औषधासाठीं थांबण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिला घरांतला साधा उपाय. ताप, जुलाब, भाजणें यांवरचीं औषधें जशीं सुज्ञ गृहिणी आधींच आणून ठेवते, तशीच ही एक गोळीही कपाटांत असावी. आगाऊ आणून ठेवल्यानें लोक बेफिकीर होतात, असा आक्षेप घेतला जातो. पण ज्या ज्या ठिकाणीं स्त्रियांस गोळी आधींच देऊन पाहण्यांत आलें तेथें त्यांच्या वागणुकींत असा फरक आढळला नाहीं, फक्त गरज पडल्यावर त्यांनीं ती लौकर घेतली. ठेवण्याची जागा कोरडी व सावलीची असावी, स्वयंपाकघरांतील चुलीजवळची नसावी, आणि मुलांच्या हातास लागेल अशी तर मुळींच नसावी. दिवाळीच्या साफसफाईंत जुनीं औषधें काढतांना हिच्याही पाकिटावरची तारीख पाहून ठेवावी. ती उलटली असेल तर दुसरी आणावी, आणि आणावयास पतीनें जावें.